मिनिटांचा अनुशेष

२७ एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. रात्री साडेअकराच्या सुमारास परभणीच्या जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या झाडाची फांदी मोडली आणि थेट ऑक्सिजनच्या नळीवर पडली. नळीला गळती लागली. आत अतिदक्षता विभागात चौदा रुग्ण त्याच नळीच्या भरवशावर श्वास घेत होते. सहाच दिवसांपूर्वी, २१ एप्रिलला, नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक माणसे दगावली होती. ती बातमी प्रत्येक परिचारिकेच्या आणि वॉर्डबॉयच्या डोक्यात ताजी होती. परभणीच्या कर्मचाऱ्यांनी वेळ दवडला नाही. जंबो सिलिंडर ओढत खाटांपाशी आणले आणि रुग्णांना त्यांच्यावर घेतले. काही वेळातच नळी दुरुस्त झाली. त्या गळतीने परभणीत कोणाचाही जीव गेला नाही.

दोन वर्षांनंतरची दुसरी रात्र. ११ मे २०२३, गुरुवार. सोनपेठ तालुक्यात भाऊचा तांडा शिवारातल्या एका आखाड्यावर शौचालयाची टाकी उपसण्याचे काम चालले होते. टाकीतल्या विषारी वायूने पाच मजूर गुदमरून मेले, सहावा अत्यवस्थ झाला. मेलेल्यांत एकमेकांचे जवळचे नातेवाईक होते. टाकीत माणूस कोसळला की त्याला बाहेर काढायला श्वसनसंच लागतो, दोर लागतो आणि हे दोन्ही वापरायला शिकलेली माणसे लागतात. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत कायमची इजा व्हायला लागते. तेवढ्या वेळात त्या शिवारात कोण पोचणार होते?

या दोन रात्री मी मुद्दाम शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. जिल्हा तोच आणि शासनयंत्रणाही तीच. जिल्हा रुग्णालयात पर्यायी साधन हाकेच्या अंतरावर होते आणि ते लावायला शिकलेले हात तिथेच होते. शिवारात यातले काहीच नव्हते. हाताने मैला उपसण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ चा आहे. अशा मृत्यूंसाठी तीस लाखांची भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी सांगितले. एका मृत्यूच्या भरपाईत कितीतरी तालुक्यांना श्वसनसंच आणि दोर घेता येतील.

मराठवाड्यातल्या माणसाला ‘अनुशेष’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दांडेकर समितीने १९८४ मध्ये रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा यांतल्या मागासलेपणाची मोजदाद केली. केळकर समितीने २०१३ मध्ये पुन्हा हिशेब मांडला. रस्त्याचे किलोमीटर मोजले, भिजलेले हेक्टर मोजले, रुग्णालयातल्या खाटा मोजल्या. संकटात सापडलेल्या माणसापर्यंत मदत पोचायला किती मिनिटे लागतात, हे मात्र या हिशेबांत आले नाही. माझ्या मते लहान गावांचा सर्वांत मोठा अनुशेष हाच आहे.

‘पुढे न्या’

परभणी जिल्ह्यात नऊ तालुके : परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा. क्षेत्रफळ सुमारे ६,२५० चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १८,३६,०८६ आणि त्यातले सुमारे ६९ टक्के लोक खेड्यांत राहणारे. कल्याण–निर्मल महामार्ग, मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग आणि गोदावरी या तिन्ही रेषा जिल्ह्यातून जातात.

या जिल्ह्यात रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले, तर नातेवाइकांच्या कानी एक वाक्य हमखास येते : ‘पुढे न्या.’ उपकेंद्र म्हणते प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून परभणी, परभणीहून नांदेड. सोनपेठची गाडी परळीमार्गे अंबाजोगाईला वळते, सेलूची जालन्याकडे किंवा थेट छत्रपती संभाजीनगरला जाते. सांगणाऱ्या डॉक्टरचा बहुतेक वेळा दोष नसतो. सर्जन आहे पण भूलतज्ज्ञ नाही, किंवा भूलतज्ज्ञ आहे पण रक्ताची पिशवी नाही, अशा ठिकाणी अडलेल्या बाळंतिणीला थांबवून ठेवणे हाच गुन्हा ठरेल. म्हणून तो चिठ्ठी लिहितो आणि पुढे पाठवतो.

कागदावर ही उतरंड नीट आहे. सपाट प्रदेशात पाच हजार वस्तीला उपकेंद्र, तीस हजारांना प्राथमिक आरोग्य केंद्र, एक लाख वीस हजारांना ग्रामीण रुग्णालय. पण प्रत्येक पायरीवर काही आजार तिथेच बरे व्हायला हवेत, तरच तिला पायरी म्हणता येते. जी पायरी फक्त वर पाठवते, ती रुग्णाचा वेळ घेते. चिठ्ठी लिहून होईपर्यंत, गाडी येईपर्यंत, चालक डिझेल भरेपर्यंत घड्याळ चालूच असते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने ‘सुवर्णतास’ची व्याख्या केली : गंभीर इजेनंतरचा एक तास, ज्यात उपचार मिळाले तर जीव वाचण्याची शक्यता सर्वाधिक. जिंतूर आणि गंगाखेड ही दोन्ही गावे परभणीपासून चाळीस किलोमीटरच्या आसपास. या दोन्ही रस्त्यांची कामे वर्षानुवर्षे रखडली आणि त्या काळात रुग्णवाहिकेत स्ट्रेचर धरून बसलेल्या प्रत्येक नातेवाइकाने खड्डे अंगावर मोजले आहेत. आडबाजूच्या गावातून तालुक्याला आणि तिथून जिल्ह्याला जाईपर्यंत सुवर्णतास रस्त्यावरच संपतो.

सगळे जण पुढे पाठवू लागले की शेवटच्या दाराशी काय होते, हे ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यात बारा नवजात बाळे होती. मुंबई उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली. औषधे, मनुष्यबळ, खाटा यांवर खूप चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्या रुग्णालयात आसपासच्या तालुक्यांतून आणि शेजारच्या जिल्ह्यांतून शेवटच्या घटकेला आणलेले रुग्णही मोठ्या संख्येने येतात. आधीच्या तीन-चार दारांवर जे व्हायला हवे होते आणि झाले नाही, त्याचाही हिशेब तिथे लागतो.

परभणीकरांनी अनेक वर्षे मोर्चे काढले, धरणे धरली आणि २०२३-२४ पासून शंभर जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शहरात सुरू झाले. या लढ्याचे मोल मोठे आहे. आता नांदेडच्या वाटेवरचे सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर पुष्कळ रुग्णांना वाचू शकतील. पण जिंतूर ते परभणी आणि गंगाखेड ते परभणी हे अंतर महाविद्यालयाने कमी होत नाही. ते कमी करायचे तर तालुक्याच्या रुग्णालयातच भूलतज्ज्ञ आणि रक्ताचा साठा हवा.

गाडी गेली की तालुका उघडा

राज्यातली १०८ ची सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली. ९३७ गाड्या, त्यातल्या २३३ अत्याधुनिक जीवरक्षक प्रणालीच्या आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक प्रणालीच्या. प्रत्येक गाडीत डॉक्टर. फोन पुण्यात औंधला लागतो, तिथून जवळची गाडी निघते. या सेवेने खेड्यातल्या माणसाला पहिल्यांदा हक्काचे, फुकट वाहन दिले. जीपवाल्याच्या दारात मध्यरात्री हात जोडून उभे राहण्याचे दिवस ज्यांनी पाहिले, त्यांना ‘एकशे आठला लावा’ या तीन शब्दांची किंमत कळते.

तरी हिशेब मांडून पाहू. २०११ ची राज्याची लोकसंख्या सव्वाअकरा कोटी धरली, तर एका गाडीमागे सुमारे १ लाख २० हजार माणसे येतात. त्या प्रमाणात परभणी जिल्ह्याच्या वाट्याला पंधराएक गाड्या पडतात आणि एका गाडीला चारशे चौरस किलोमीटरहून अधिक मुलूख सांभाळावा लागतो. मुंबईत तेवढ्या जागेत सव्वा कोट लोक राहतात, म्हणून लोकसंख्येच्या हिशेबाने वाटणी केली की ती न्याय्य दिसते. पण मुंबईत गाडी जवळच असते, इथे कित्येक किलोमीटरवर. जिथे माणसे विरळ आहेत तिथे अंतर जास्त, आणि अंतर जास्त तिथे गाड्याही जास्त लागतात. डोकी मोजून होणाऱ्या वाटपात हे बसत नाही.

‘पुढे न्या’चा दुसरा परिणाम याहून वाईट आहे. गंगाखेडहून एक रुग्ण नांदेडला हलवला, की गाडी जाणार, रुग्ण उतरवून कागद होणार, ती धुऊन पुसून परत निघणार. सगळी दुपार त्यात जाते. तेवढ्या वेळात त्याच तालुक्यात दुसरा कोणी पडला तर शेजारच्या तालुक्याची गाडी बोलवावी लागते, आणि मग तोही तालुका उघडा पडतो. राज्याने गाड्यांची संख्या १,७५६ पर्यंत नेण्याचे ठरवले आहे. ते हवेच आहे. पण ग्रामीण रुग्णालये बळकट न करता नुसत्या गाड्या वाढवल्या, तर रस्त्यावर अधिक रुग्ण फिरतील, एवढेच होईल.

पोलिसांचा ११२ क्रमांक फिरवला की फोन नवी मुंबईतल्या महापे येथील किंवा नागपूरच्या केंद्रात जातो आणि तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे येतो. यंत्रणा चांगली आहे, पण पलीकडच्या माणसाला ‘पिंपळगाव’ म्हटल्यावर कोणते पिंपळगाव हे कळायला हवे. तांडे आणि आखाडे नकाशावर नीट नाहीत. घाबरलेला माणूस ‘फाट्यावर या’ एवढेच सांगतो. प्रत्येक वस्तीला, तांड्याला, फाट्याला एक ठरलेला क्रमांक देऊन तो ठळक रंगवला, तर कित्येक मिनिटे वाचतील. या कामाला रंगाचा डबा आणि तलाठ्याचे दोन दिवस पुरतात.

बंब कोणाचा?

राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने बारावी अनुसूची आली. नगरपालिकांकडे सोपवायच्या अठरा विषयांत ‘अग्निशमन सेवा’ आहे. त्याच काळात त्र्याहत्तराव्या दुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली. तिच्यात एकोणतीस विषय आहेत, अग्निशमन नाही. म्हणजे आग विझवणे हे नगरपालिकेचे काम म्हणून लिहिले गेले, पण खेड्यात ते कोणाचे हे लिहायचे राहून गेले. परभणी जिल्ह्यातल्या शेकडो गावांत आग लागली तर तालुक्याच्या नगरपरिषदेचा बंब हद्द सोडून मदतीला येतो. तो माणुसकीने येतो. गावाला त्यावर हक्क सांगता येत नाही.

आपल्याकडच्या आगी कशा असतात ते शेतकऱ्याला विचारा. मळणीला लावलेली सोयाबीनची सुडी, कडब्याची गंजी, गोठा आणि त्यात बांधलेली जनावरे, लोंबकळत्या तारांची ठिणगी पडून पेटलेला उसाचा फड. मानवत आणि सेलूच्या जिनिंगमधला कापूस वरून विझलेला दिसतो आणि गाठीच्या पोटात तासन्‌तास धुमसत राहतो. आपल्या देशातल्या अग्निशमन सल्लागार परिषदेचे मानक सांगते की शहरी भागात पाच ते सात मिनिटांत आणि ग्रामीण भागात वीस मिनिटांत बंब पोचावा. चाळीस किलोमीटरवरचा बंब ताशी पन्नासच्या वेगाने निघाला तरी अठ्ठेचाळीस मिनिटे लागतात. सुडी जळायला तेवढा वेळ लागत नाही. वर्षभराची कमाई गेल्यावर बंब येतो आणि राखेवर पाणी मारतो. लोकांचा राग मग बंबावरच्या त्या चार जणांवर निघतो. त्यांच्यातले कितीतरी कंत्राटावर असतात आणि पाळी संपल्यावरही थांबलेले असतात.

केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवा वाढवण्यासाठी पाच हजार कोटींची योजना जाहीर केली. असा पैसा आला की मोठ्या शहरांत उंच शिड्यांची वाहने दिसू लागतात. आपल्याला उंच शिडी नको. आठ-दहा गावांमागे एक लहान वाहन, त्यावर पाण्याची टाकी, पंप, दोर, श्वसनसंच आणि पाळीने हजर असणारी तीन माणसे हवीत. भाऊच्या तांड्यावर जे नव्हते, ते याच गाडीत असेल.

पाणी सांगून येते

आग सांगून येत नाही, गोदावरी सांगून येते. पैठणच्या नाथसागरातून सोडलेले पाणी परभणी जिल्ह्यात पोचायला कित्येक तास लागतात. ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल, दिग्रस या बंधाऱ्यांवरून ते पुढे सरकते आणि कंठेश्वरला पूर्णा नदी येऊन मिळते. सिंदफणेतून माजलगावचे पाणी आलेले असतेच. १ आणि २ सप्टेंबर २०२४ ला अतिवृष्टीने जिल्हा झोडपला. २०२५ च्या सप्टेंबरअखेरीस जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या घरात विसर्ग झाला आणि काठावरच्या गावांनी पाणी दारात आलेले पाहिले.

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबरे येथे, राज्य दलाच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. तिथून परभणीला यायचे म्हणजे तीन-चारशे किलोमीटर. ते जवान कमालीचे कुशल असतात, पण ते पोचेपर्यंतचा वेळ गावालाच निभवावा लागतो. पालमजवळ लेंडी नदीला पूर आला की पलीकडच्या गावांचा तालुक्याशी संपर्क तुटतो. अशा वेळी थर्माकोलच्या चप्पूवर बसवून पेशंट पार नेणारी माणसे ही आपली खरी पहिली तुकडी. त्यांना कोणी जीवरक्षक जाकीट दिलेले नाही की विमा उतरवलेला नाही. पाणी कित्येक तास आधी निघते, तर निरोपही तेवढाच आधी पोचायला हवा, आणि तो विसर्गाच्या आकड्यात न सांगता ‘मारुतीच्या पारापर्यंत पाणी येईल’ अशा भाषेत सांगायला हवा. क्युसेक अभियंत्याला कळतो, पार सगळ्या गावाला कळतो.

विजेचेही तसेच. मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी शेतात माणसे मरतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ हे उपयोजन काढले, ते इशारा देते. पण वीज अंगावर पडलेल्या माणसाच्या शरीरात वीज उरत नाही, त्याला लगेच हात लावता येतो आणि थांबलेले हृदय छाती दाबून जागच्या जागी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करता येतो, ही गोष्ट किती गावांत शिकवली गेली? त्या माणसासाठी १०८ ची गाडी कितीही वेगाने आली तरी उशीरच होणार. शेजारच्या धुऱ्यावरचा गडी हाच त्याचा डॉक्टर.

बिरवाडी आणि गडचिरोली

‘लहान ठिकाणी हे जमणार नाही’ असे म्हणणाऱ्यांना मी मराठवाड्याच्याच एका माणसाचे उदाहरण देतो. डॉ. हिंमतराव बावस्कर जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. १९७६ मध्ये ते महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले. कोकणात तांबड्या विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, डोळ्यांदेखत जात. गंभीर रुग्णांतले चाळीस टक्क्यांच्या घरात दगावत. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसून नोंदी ठेवल्या, मृत्यू हृदयावरच्या ताणाने येतो हे ओळखले आणि प्राझोसिन हे रक्तदाबावरचे औषध वापरून पाहिले. मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडे मोठी यंत्रे नव्हती. रुग्णाला पुढे न पाठवता तिथेच वाचवायचे हा निश्चय होता, आणि पाहिलेले सगळे लिहून ठेवण्याची शिस्त होती.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. एकोणचाळीस गावांत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. आज देशभरातल्या आशाताई घरोघर जाऊन बाळ तपासतात, त्याचे मूळ या प्रयोगात आहे. दोन्ही ठिकाणी उपचार संकटाच्या जागी नेला गेला.

परभणीसाठी हेच करायचे आहे. तालुक्याच्या रुग्णालयात चोवीस तास भूलतज्ज्ञ, रक्तसाठा आणि सर्पदंशावरचे प्रतिविष. एक गाडी तालुक्याबाहेर गेली की दुसरी तिच्या जागी येऊन थांबेल असा नियम. ग्रामीण अग्निशमनाला कायद्यात जागा आणि अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम. प्रत्येक गावात दहा माणसांचे पथक : आशाताई, लाइनमन, पोलीस पाटील, पोहणारे भोई, ट्रॅक्टरवाले. त्यांना वर्षातून दोनदा शिक्षण, अंगावर विमा आणि खर्चाला मानधन. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपात पहिले हात शेजाऱ्यांचेच होते, आणि २०२४ मध्ये हिंगोलीकडून दोनदा हादरे येऊन गेल्यानंतर तो धडा आपल्याला नव्याने वाचायला हवा.

या सगळ्याच्या आधी एक काम बिनखर्चाचे आहे : मोजणे. फोन किती वाजता लागला, गाडी किती वाजता आली, पहिला डॉक्टर किती वाजता भेटला, या तीन वेळांची नोंद तालुक्यागणिक दर महिन्याला जाहीर व्हावी. किलोमीटर आणि हेक्टर मोजले म्हणून रस्त्यासाठी आणि पाण्यासाठी भांडता आले. मिनिटे मोजली तर जिवासाठी भांडता येईल.

येत्या २६ जानेवारीला तुमच्या गावात ग्रामसभा भरेल. याच तारखेला २०१४ मध्ये १०८ ची सेवा सुरू झाली. त्या सभेत उभे राहून तीन प्रश्न विचारा. आपल्या गावात रुग्णवाहिका किती मिनिटांत येते? बंब किती मिनिटांत येतो? आणि ते येईपर्यंत काय करायचे हे शिकलेली माणसे गावात किती आहेत? उत्तर मिनिटांत आणि आकड्यांत मागा, आणि सभेच्या इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.